इंग्रजी–तुर्की शब्दकोशाचं ॲप, वर्षभर वापरून: सगळं अडलं ‘लाइट’पाशी

परवा सकाळी बँकेचा संदेश आला. शब्दकोशाच्या ॲपने दुसऱ्या वर्षाची वर्गणी, १,४९९ रुपये, परस्पर कापून घेतली होती. आधी सूचना नाही, आठवण नाही. ग्राहकसेवेला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा साच्यातलं एकच उत्तर आलं, की वर्गणी आपोआप पुढे चालू होते आणि पैसे परत मिळत नाहीत. भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पण इस्तंबूलला आल्यापासून हे ॲप रोज माझ्या हातात होतं. पुन्हा पंधराशे रुपये द्यावेत असं त्यात काय आहे आणि काय नाही, ते आता सविस्तर लिहिते.

नेट नसताना चालतं, उच्चार ऐकवतं, शब्द साठवून ठेवता येतात, हे वापरणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. त्यात खोट नाही. माझी सगळी तक्रार एका शब्दाभोवती आहे: लाइट.

घेतलं तेव्हा या शब्दाची नोंद एका ओळीची होती. अशक, हाफिफ, आचक, याकमाक, लाम्बा. मध्ये स्वल्पविराम, बाकी काही नाही. (अशक आणि आचक यांतला शेवटचा स्वर आपल्याकडे नाही, अ आणि इ यांच्या मधला आहे, आणि लिहिताना तो टिंब नसलेल्या आयने लिहितात.) या पाच शब्दांत उजेड आहे, हलकं आहे, फिकं आहे, पेटवणं आहे आणि दिवाही आहे. कुठला कशासाठी, हे मात्र नवख्या माणसाने ओळखायचं.

पहिल्याच आठवड्यात रात्री लाइट गेली. वरच्या मजल्यावर एक वयस्कर बाई राहतात, त्यांना मी तेयझे म्हणते. तेयझे म्हणजे नात्याने आईची बहीण, पण आपण शेजारणीला मावशी म्हणतो तसंच इथेही म्हणतात. ॲपमध्ये बघून त्यांना विचारलं, अशक आहे का? बिचाऱ्या आत गेल्या आणि पेटवलेली मेणबत्ती घेऊन आल्या. मला विचारायचं होतं की वीज सगळ्या इमारतीची गेलीय की माझ्या एकटीच्या घरातली. ‘लाइट गेली’ म्हणजे वीज गेली, हे आपलं मराठी आहे. तुर्कीत म्हणायचं ‘एलेक्ट्रिक्लेर केसिल्दी’, म्हणजे विजा कापल्या गेल्या, आणि तेही अनेकवचनात. शब्दकोशाने मराठी माणसाची ही सवय ओळखावी असं मी म्हणत नाही. पण अशक म्हणजे डोळ्यांना दिसणारा उजेड, एवढे दोन शब्द पुढे असते तरी मी थांबून विचार केला असता.

मग चहा. इथला चहा दोन मजली किटलीत होतो. वरच्या भांड्यात कडक अर्क, खालच्यात उकळतं पाणी, आणि कमरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या पेल्यात दोन्हीचं मिश्रण. दूध नाही. मला तो फार कडक लागायचा, म्हणून ‘हाफिफ’ चहा मागितला. चहावाल्या काकांना समजलं, पण त्यांनी हळूच दुरुस्त केलं: ‘आचक?’ पाणी जास्त तो आचक, अर्क जास्त तो देमली. आणि आचकचा मूळ अर्थ उघडा! दुकान उघडं असेल तर आचक, आभाळ निरभ्र असेल तर आचक, फिकट निळा रंग म्हणजे आचक निळा. गडद निळा मात्र कोयू. उघड्यापासून फिक्यापर्यंतचा हा रस्ता मला अतिशय सुंदर वाटतो. वजनाला हलकी पिशवी हाफिफ, हलकं जेवण हाफिफ, आणि आपण जिला सावध झोप म्हणतो तीही हाफिफ. हे सगळं मी चहावाल्या काकांकडून आणि तेयझेंकडून शिकले. पैसे मात्र ॲपला दिले होते.

सगळ्यात राग आला तो मार्चमध्ये. थंडी कमी झाली होती, जरा हलका कोट हवा होता. ॲपमध्ये ‘लायटर’ टाकलं तर एकच उत्तर: चाकमाक. तेच दुकानदाराला दाखवलं. त्याने पोराला बाहेर पिटाळलं आणि पोरगा सिगारेट पेटवायचा लायटर घेऊन आला. जास्त हलकं म्हणायला तुर्कीत शब्दाच्या आधी ‘दाहा’ लावतात, दाहा हाफिफ. इंग्रजीत त्याच स्पेलिंगचे दोन शब्द आहेत हे कोशाला कळायला नको? तरी एक गोष्ट त्यातून हाती लागली. चाकमाक म्हणजे आपली चकमक! गारगोटीवर ठिणगी पाडायची ती. तुर्कीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द. तसंच विस्तवाला इथे आतेश म्हणतात, तो आपल्या आतषबाजीतला. कुणी ‘आतेश आहे का?’ विचारलं तर त्याला सिगारेट पेटवायची असते, आणि डॉक्टरांनी तेच विचारलं तर ते ताप आहे का म्हणून.

लाइटपासून इथवरचं परीक्षण मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवलं होतं आणि खाली ‘घेऊ नका’ असं लिहिलं होतं. ते खोडावं लागलं, कारण सप्टेंबरच्या सुधारणेत त्यांनी नोंदी खरंच बदलल्या. आता लाइटखाली उजेड, वजन, रंग, पेटवणं असे वेगळे गट आहेत आणि प्रत्येकाखाली वापरातलं वाक्य आहे. आयदनलक हा शब्दही आला, भरपूर उजेडाच्या खोलीसाठी. घरं भाड्याने देण्याच्या जाहिरातींत तो सारखा दिसतो आणि आधीच्या नोंदीत नव्हता. रोज सकाळी आपण ग्युनायदन म्हणतो, त्यात दिवस आणि हाच उजळ ‘आयदन’ आहे, हे मला त्या नोंदीमुळे लक्षात आलं. त्या दिवशी मी ॲपला मनापासून पाच तारे दिले होते.

पण एक दोष तसाच राहिला, आणि माझ्यासाठी तो बारीक नाही. तुर्कीतून इंग्रजीत शोधताना टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय यांची गफलत झाली की ॲप सरळ ‘शब्द सापडला नाही’ म्हणतं. १९२८ साली अरबी लिपी सोडून लॅटिन अक्षरं घेतली, तेव्हापासून तुर्कीत या दोन स्वतंत्र स्वरांना २९ अक्षरांतली दोन वेगळी अक्षरं आहेत. ते वेगळे असलेच पाहिजेत. पण माझ्या फोनवर इंग्रजी कळफलक आहे. रस्त्यात उभं राहून दर शब्दाला कळफलक कोण बदलणार? टिंब चुकलं तरी जवळचे शब्द सुचवणं अवघड नसावं. तुर्क भाषा संस्थेचा तुर्की–तुर्की कोश नेटवर फुकट आहे. तिथे एकट्या ‘आचक’चे इतके अर्थ दिलेत की मी एक अख्खी दुपार त्यात घालवली. अर्थ तुर्कीतूनच आहेत, त्यामुळे सुरुवातीला जड जातं, पण सहा महिन्यांनंतर मला त्याचाच जास्त उपयोग झाला.

शिवाय बेयाझतजवळच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून एक वापरलेला इंग्रजी–तुर्की कोश आणला. त्यात लाइटचे अर्थ क्रमांक घालून दिलेत. किंमत ॲपच्या वर्गणीच्या निम्म्याहून कमी, आणि ती एकदाच. दुकानदाराने जेम्स रेडहाउसचा १८९०चा मोठा तुर्की–इंग्रजी कोशही कौतुकाने दाखवला. त्यातली तुर्की अरबी लिपीत, त्यामुळे मला वाचता आली नाही, पण एकेका शब्दापुढची ती दाट इंग्रजी पाहून बराच वेळ तिथून हलवेना.

नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगते, की शब्द टाकण्याआधी तो मनात मराठीत म्हणून बघा. उजेड हवाय, हलकं हवंय, फिकं हवंय की काडी ओढायचीय? मराठीत हे आधीच वेगळे आहेत, त्यामुळे तुर्कीतला बरोबर शब्द चटकन सापडतो. मधल्या इंग्रजीतच सगळा गोंधळ होतो. मी वहीत मराठी आणि तुर्की असे दोनच रकाने केलेत. ‘फिका’पुढे आचक, ‘सावध झोप’पुढे हाफिफ.

ॲप पहिल्या तीन महिन्यांसाठी घ्यायला हरकत नाही, पण महिन्याच्या वर्गणीवर. वर्षाची घेऊ नका, आणि घेतलीत तर त्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन आपोआप पैसे कापणं बंद करा. माझे तारे आता तीन. चौथं पत्र काल पाठवलंय. पैसे परत आले तर इथेच खाली लिहीन.