ड्रायसूटची बदलता येणारी सिलिकॉन सील: दोन हिवाळे वापरल्यावर

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी, शनिवारची सकाळ, इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या स्टोनी कोव्हचा (पाणी भरलेली जुनी खाण, आता डायव्हिंगची जागा) कार पार्क, गाडीच्या काचेवरचं दव अजून गोठलेलंच, आणि मी ड्रायसूटच्या, म्हणजे थंड पाण्यात आत कोरडं ठेवणाऱ्या सूटच्या, गळ्यातून डोकं बाहेर काढतेय तेवढ्यात टर्रकन आवाज. गळ्याला घट्ट बसणारं लेटेक्सचं (पातळ रबराचं) सील वरच्या काठापासून पार बुडापर्यंत उभं फाटलं. पाणी ५ डिग्री. माझा बडी (डायव्हचा जोडीदार) दोन तास गाडी चालवून आलेला, तो बिचारा दुसऱ्या जोडीबरोबर गेला आणि मी दिवसभर कॅफेत चहा पीत बसले, आतले थर्मलचे कपडे तसेच अंगावर. मग सूट एका दुकानात दिला (नाव लिहीत नाही, आता भांडण मिटलंय), तीन आठवडे गेले, सीलपेक्षा मजुरी जास्त, आणि पहिल्याच डायव्हला डाव्या बाजूने चिकटवलेलं सुटून पाठीवर गार पाण्याचा ओघळ. त्या दिवशी ठरवलं की आता गोंद बास, रिंगवाली सिस्टीम बसवायची. त्याचाच हा रिव्ह्यू.

ज्यांनी फक्त तारकर्लीला किंवा गोव्याला डायव्ह केलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण मी पण तिथूनच सुरुवात केली आणि मला ड्रायसूट म्हणजे काय ते इकडे येईपर्यंत माहीत नव्हतं. तिकडे पाणी २७-२८ डिग्री, पातळ वेटसूट घातला की झालं, तो भिजतोच आणि भिजला तरी चालतं. इकडच्या थंड पाण्यात तसं करून भागत नाही, पाणी अंगातली ऊष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं. ड्रायसूटमध्ये तुम्ही आत कोरडे, स्वेटरसारखे कपडे घालून, पायाला बूट जोडलेलेच, आणि पाणी आत यायला जागा उरते ती मुख्यतः तीन ठिकाणी, गळा आणि दोन मनगटं. तिथे जे घट्ट बसणारं रबरासारखं असतं ते सील. म्हणजे हजार-दीड हजार पौंडांचा सूट शेवटी पापडासारख्या पातळ तीन तुकड्यांवर लटकलेला असतो.

हे तुकडे तीन प्रकारचे. निओप्रीन जाड, टिकाऊ, पण माझ्या गळ्याला कधी नीट बसलं नाही. लेटेक्स पातळ, स्वस्त, छान बसतं, पण ते उन्हाने, ओझोनने आणि तेलाने कुजतं, आधी चिकट होतं, मग बारीक भेगा पडतात, मग एक दिवस कार पार्कमध्ये टर्रकन. आणि तेलाचं म्हणाल तर माझी चूक होती हे मला फार उशिरा कळलं. शुक्रवारी रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपायची लहानपणापासूनची सवय, सकाळी वेणी घालून तसंच डायव्हला, आणि ते तेल मानेवरून सीलला लागत होतं प्रत्येक शनिवारी! आईला सांगितलं तर ती म्हणाली तेल सोडू नकोस, सूट सोड.

तिसरा प्रकार सिलिकॉन. त्याला तेल, ऊन, ओझोन याचं फारसं काही वाटत नाही, लेटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनाही चालतं, आणि इतकं मऊ की पहिल्यांदा घातलं तेव्हा वाटलं बसलंच नाही की काय. पण सिलिकॉनला सूटचा गोंद धरतच नाही. त्यामुळेच ही रिंगची भानगड आली. सूटच्या गळ्याला आणि बाह्यांना प्लास्टिकची एक रिंग एकदाच कायमची बसवून घ्यायची, तिच्यात खोबण असते, सीलच्या बुडाला जाड कड असते, ती कड खोबणीत बसवायची आणि माझ्या सिस्टीममध्ये वरून दुसरी रिंग दाबून लॉक करायची. गोंद नाही, वाळायला ठेवणं नाही. स्वीडनच्या सायटेक आणि वॉटरप्रूफ, अमेरिकेची डीयूआय, प्रत्येकाची आपापली पद्धत आहे, आणि एकाचं सील दुसऱ्याच्या रिंगमध्ये बसेलच असं धरून चालू नका. आधी आपल्या सूटवर कुठली रिंग आहे ते बघा, मग सील मागवा. मी एकदा नुसता फोटो बघून मागवलं आणि परत पाठवायचा खर्च अंगावर घेतला.

आता बसवण्याचं. व्हिडिओमध्ये माणूस दोन मिनिटांत करतो. मला पहिल्यांदा पाऊण तास लागला, त्यात अर्धा वेळ कड एका बाजूने घातली की दुसऱ्या बाजूने बाहेर, अगदी उशीला लहान अभ्रा घालताना होतं तसं. शेवटी जमलं ते असं: भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब वाटीभर पाण्यात, ते कडेला बोटाने लावायचं, सूटची मान स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यावर चढवायची म्हणजे रिंग हलत नाही, आणि कड घड्याळासारखी १२, ६, ३, ९ अशी चार ठिकाणी आधी बसवून मग मधलं भरत जायचं. आणि शेवटी बोट फिरवून सगळीकडे चाचपायचं, कुठे सुरकुती राहिली असेल तर पाणी बरोबर तिथूनच येणार. मनगटाला डब्याऐवजी पेला. आता मला गळ्याला दहा मिनिटं लागतात आणि मनगटाला पाच.

घालायचं कसं हे मात्र आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको. बांगड्या भरताना कासारीण हात कसा आवळून चोच करायला लावते आणि साबणाचं पाणी लावते, अगदी तसंच मनगटाचं सील घालायचं, अंगठा तळव्यात दुमडून. गळ्याचं घालताना बोटांच्या टोकांनी ओढायचं नाही, दोन्ही तळवे आत घालून सील रुंद करायचं आणि डोकं घालायचं. नखं कापा, अंगठ्या काढा, कानातलं काढा. आणि मानेवरचा एक केस जरी सीलखाली राहिला तरी त्याच्या कडेने पाणी झिरपतं, त्यामुळे केस वर बांधून पातळ टोपी घालायची आणि बडीला मागून बघायला सांगायचं.

नखांचं मी उगाच नाही सांगत. सिलिकॉनला खोट सहन होत नाही. लेटेक्सला बारीक भोक पडलं तर ठिगळ लावून दिवस निभावता येतो, सिलिकॉनला खाच पडली की ती जोर पडताक्षणी सरळ फाटत जाते, आणि गोंद धरत नाही म्हणजे ठिगळही नाही. माझं पहिलं सील चौथ्याच डायव्हला गेलं, चूक माझीच, कात्रीने गळा मोठा करताना धार बोथट होती आणि काठ दातेरी झाला होता. सीलवर गोल रेघा असतात, एका वेळी एकच रेघ कापायची, धारदार कात्रीने आणि मध्ये न थांबता. घाई करू नका, कापलेलं परत येत नाही. पण घट्टही ठेवू नका, मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर दाब आला की शरीराला वाटतं बीपी वाढलंय, ते हृदयाचे ठोके कमी करतं आणि चक्कर येते, पाण्याखाली ही गंमत नको. घालून अर्धा तास घरात फिरा, स्वयंपाक करा, चेहरा लाल झाला किंवा डोकं हलकं वाटलं तर अजून एक रेघ.

तर माझं पहिलं सील फाटलं त्या दिवशी काय झालं? बॅगेत दुसरं होतं. गाडीच्या डिकीत बसून, थंडीने बोटं काम करत नव्हती तरी, वीस मिनिटांत बदललं आणि स्टेनगार्थ बघून आले, म्हणजे तिथे २० मीटरच्या आसपास बुडवून ठेवलेली जुनी टगबोट. पैसे तिथेच वसूल झाले माझ्या दृष्टीने.

नंतर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो नावाच्या खाडीत गेलो तेव्हा अजून पटलं. १९१९ च्या जूनमध्ये जर्मनांनी आपलंच आरमार तिथे बुडवलं, त्यातली सात मोठी जहाजं अजून तळाशी आहेत, इकडच्या डायव्हरांची ती पंढरीच. आठवडाभर बोटीवर राहायचं, पैसे आगाऊ भरलेले, दुकान काही हाकेच्या अंतरावर नाही. आमच्या बोटीवर एकाचं गळ्याचं सील सकाळी कपडे चढवतानाच गेलं, तो शांतपणे डेकवर मांडी घालून बसला, गॅलीतून (बोटीच्या स्वयंपाकघरातून) भांड्यांचा साबण मागून घेतला आणि आमचं ब्रीफिंग संपेपर्यंत तयार. दुसऱ्या एकाचं चिकटवलेलं लेटेक्स तिसऱ्या दिवशी फाटलं, तो उरलेले दिवस बोटीवर फोटो काढत होता.

मनगटाच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. गळ्याला रिंग घ्याच, मनगटाला विचार करा. ती कडक रिंग हातात जाणवते, सूट काढताना कुठेतरी अडकते, आणि माझं मनगट इतकं बारीक की मूठ आवळली की आतल्या शिरा वर येतात आणि त्यांच्यामधल्या पन्हाळीतून थोडं पाणी येतंच, सील कुठलंही असो. ड्राय ग्लोव्ह (हात कोरडे ठेवणारे हातमोजे) लावणार असाल तर मात्र रिंग हवीच, कारण हातमोजा त्याच रिंगवर लॉक होतो. तेव्हा सीलखालून एक बारीक दोरीचा तुकडा सरकवून ठेवा म्हणजे सूटमधली हवा मोज्यात जाते, नाहीतर खोल गेल्यावर मोजा हाताला आवळून बसतो. मी नाडीचा तुकडा वापरते, पंजाबी ड्रेसच्या सलवारीतली.

खर्च विचाराल तर रिंगा बसवायलाच सगळ्यात जास्त लागतात, ते एकदाच. नंतर गळ्याचं सील मला ३५-४० पौंडांना पडतं. लेटेक्सपेक्षा महाग आहे, पण मजुरी शून्य. एक घेऊ नका, दोन घ्या, एक सुटावर आणि एक बॅगेत, नाहीतर या सगळ्याला काही अर्थ नाही. वर्षातून चारच डायव्ह करत असाल आणि तुमच्या गावात चांगला सूट दुरुस्त करणारा असेल तर लेटेक्स बरंय, फुकट पैसे घालवू नका. डोक्याला तेल लावत असाल तर वेगळी गोष्ट.

आणि हो, फाटलेलं सील फेकू नका. माझं पहिलं अजून स्वयंपाकघरात आहे, लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं की ते त्याच्यावर ठेवून फिरवायचं, नवऱ्याला हाक मारावी लागत नाही.