वासा की स्कान्सेन? स्टॉकहोममध्ये एकच दिवस असेल तर

स्टॉकहोमच्या युरगोर्डेन बेटावर ही दोन्ही संग्रहालयं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे एका दिवसात दोन्ही उरकायचा मोह होतो. वासा दोन तासांत मनासारखं पाहून होतं, स्कान्सेन मात्र घाईत पाहिलं तर वाया जातं.

वासामध्ये पाहायचं ते एकच जहाज. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघालेली ही युद्धनौका जेमतेम १,३०० मीटर जाऊन बंदरातच बुडाली. वरचा भार जास्त. वाऱ्याच्या झोताने ती कलंडली आणि तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत शिरलं. बाल्टिक समुद्राच्या मचूळ पाण्यात लाकूड पोखरणारे जीव तग धरत नाहीत, म्हणून १९६१ मध्ये वर काढली तेव्हा ती बरीचशी शाबूत होती. लाकूड वाळून तडकू नये यासाठी १७ वर्षं तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन फवारत होते. झडपांच्या आतल्या बाजूला कोरलेली सिंहमुखं चुकवू नका. झडप उघडली, की शत्रूला तोफेबरोबर सिंहाचा वासलेला जबडाही दिसावा, अशी ती योजना! कुणाशी चकार शब्द न बोलताही हे जहाज सगळं सांगून जातं.

स्कान्सेनचं तसं नाही. आर्थर हॅझेलियस यांनी १८९१ मध्ये सुरू केलेल्या या खुल्या संग्रहालयात स्वीडनभरातून आणलेली सुमारे दीडशे घरं पुन्हा उभारली आहेत. नुसती घरं बघत पुढे गेलात तर पाय दुखतील, बाकी काही नाही. आत जुन्या वेशात बसलेल्या माणसाला विचारा: चूल कशी पेटवायचे, हिवाळ्यात खायचे काय? काचेच्या कारखान्यात तर थांबाच. नळीच्या टोकावरचा लालबुंद गोळा फुंकरीने फुगत असतो आणि कारागीर नळी सारखी फिरवत राहतो, नाहीतर गोळा एका बाजूला ओघळेल.

हिवाळ्यात किंवा पावसात जाणार असाल तर सरळ वासा निवडा. थंडीत स्कान्सेनमधली बरीच घरं बंद असतात. स्कान्सेनचा चढ झेपत नसेल तरीही वासाच बरं. आत गारवा असतो, उन्हाळ्यातही स्वेटर जवळ ठेवा. उन्हाळा असेल आणि मुलं बरोबर असतील, तर माझं मत बिनदिक्कत स्कान्सेनला: तिथे अस्वलं आणि लांडगेही आहेत. दोन्ही करायचंच ठरवलं, तर वासाचं दार उघडताच आत शिरा आणि गर्दी वाढायच्या आत स्कान्सेनची वाट धरा.