शेंगदाण्याची ॲलर्जी आणि पाकीटबंद खाणं: दुकानातल्या कुठल्या मालावर विसंबावं?

महाराष्ट्रातल्या किराणा दुकानात शेंगदाणा फक्त शेंगदाण्याच्या डब्यात नसतो. चिवड्यात तो दिसतो, सुक्या चटणीत कूट होऊन मिसळतो, फरसाणाच्या कढईतल्या तेलात उतरतो आणि उपवासाच्या बऱ्याच पाकिटांत तोच मुख्य घटक असतो. घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा काजू, बदाम, पिस्ता, अक्रोड यांची ॲलर्जी असेल तर महिन्याचं सामान वेगळ्या पद्धतीनं भरावं लागतं. सुपरमार्केट, कोपऱ्यावरचं दुकान, मिठाईवाला आणि घरपोच ॲप या सगळ्यांकडचा पाकीटबंद माल इथे त्याच एका कसोटीवर तपासला आहे. निकाल आधीच सांगतो. साखर, मीठ, पिशवीतलं दूध असा एकाच घटकाचा सीलबंद माल सगळ्यात वर. फरसाण, सुक्या चटण्या आणि मिठाईचे बॉक्स सगळ्यात खाली. मधल्या मालाचा निर्णय लेबल वाचूनच होतो, आणि ते वाचायची एक रीत आहे.

एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे शेंगदाणा, ट्री नट्स (म्हणजे काजू-बदाम वर्ग), दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट हे 'कंटेन्स' या शब्दापुढे वेगळे लिहावे लागतात. कारखान्यात चुकून मिसळण्याची शक्यता असेल तर त्यासाठी 'मे कंटेन' असं वाक्य असतं. 'कंटेन्स'ची ओळ बहुतेक वेळा घटकांच्या यादीच्या लगेच खाली सापडते. आधी ती शोधा, मग यादी वाचा. यादीत 'पीनट'ऐवजी 'ग्राउंडनट' असू शकतं, हिंदी मजकुरात 'मूंगफली', गुजरातहून आलेल्या मालावर 'सिंग'. कोपऱ्यातला हिरवा ठिपका इथे काहीच सांगत नाही, कारण शेंगदाणाही शाकाहारीच.

नियमात काही फटी आहेत आणि त्या माहीत असायलाच हव्यात. पहिली तेलाची. 'कंटेन्स'च्या सक्तीतून तेलांना सूट आहे, त्यामुळे शेंगदाणा तेलात तळलेल्या वेफर्सवर शेंगदाण्याचा इशारा नसेलही. मात्र यादीत खाद्यतेलाच्या पुढे ते कशाचं तेल आहे हे लिहावं लागतं, तिथे 'ग्राउंडनट' दिसतं का ते पाहा. ॲलर्जी प्रथिनांची असते. पूर्ण रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण फिल्टर तेलात आणि लाकडी घाण्याच्या तेलात ती राहतात. कारखान्यानं यांतलं कुठलं वापरलं हे पाकिटावरून सहसा कळत नाही, म्हणून ग्राउंडनट ऑइल दिसलं की पाकीट परत शेल्फवर ठेवावं.

दुसरी फट लहान पाकिटांची. १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत पृष्ठभाग असलेल्या पाकिटांवर घटकांची यादी छापायची सक्ती नाही. ती मोठ्या बाहेरच्या पॅकवर असते. गोळ्या, टॉफ्या, छोटी चॉकलेटं बरणीतून सुटी विकली जातात आणि बाहेरचा पॅक केव्हाच कचऱ्यात गेलेला असतो. शाळेत वाढदिवसाला वाटला जाणारा खाऊ नेमका हाच. तिसरी फट म्हणजे, एखादा मिश्र घटक एकूण पदार्थाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर त्याच्या आतले घटक उलगडून लिहावे लागत नाहीत. 'सीझनिंग' किंवा 'फिलिंग' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून यादी वाचून न थांबता 'कंटेन्स'ची ओळ शोधायचीच. आणि डाळ, तांदूळ, अख्खे मसाले अशा कच्च्या शेतमालाला ॲलर्जीच्या लेबलातून पूर्ण सूट आहे. त्या पाकिटावरच्या गप्प लेबलाचा अर्थ 'सुरक्षित' असा होत नाही. तीळ आणि मोहरी तर भारताच्या यादीत नाहीतच. तिळाचीही ॲलर्जी असेल तर अख्खी यादी शब्दन् शब्द वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

शेंगदाणा जिथे कुणाच्या मनातही येत नाही अशी जागा म्हणजे इन्स्टंट नूडल्सचा मसाला. २०१५ मध्ये मॅगीवर शिशाचा आणि एमएसजीचा (अजिनोमोटो म्हणतात ते, चव वाढवणारं ग्लुटामेटचं मीठ) वाद झाला, तेव्हा नेस्ले इंडियानंच सांगितलं होतं की आम्ही एमएसजी घालत नाही, ग्लुटामेट येतं ते हायड्रोलाइज्ड ग्राउंडनट प्रोटीन (म्हणजे शेंगदाण्याचं तोडून बारीक केलेलं प्रथिन), कांद्याची पूड आणि गव्हाचं पीठ यांतून. सगळा देश शिशाबद्दल आणि अजिनोमोटोबद्दल बोलत होता. ॲलर्जीवाल्यांसाठी मोलाचा होता तो हा घटक. म्हणून नूडल्स, सूप, मसाला ओट्स, चटपटे वेफर्स यांच्या यादीत 'हायड्रोलाइज्ड' शब्द आला की त्याच्या पुढचा शब्द वाचल्याशिवाय पाकीट टोपलीत टाकू नका. सोया असेल तर शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्यांनी डॉक्टरांना विचारावं, ग्राउंडनट असेल तर विचारायची गरजच नाही, पाकीट परत ठेवायचं.

मसाल्यांच्या शेल्फवर सरसकट एक निकाल देता येत नाही. अख्खे मसाले घेऊन घरी दळणं सर्वांत चांगलं, आणि त्याला ठोस कारण आहे. २०१४ च्या अखेरीपासून २०१५ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत जिरेपुडीत न सांगितलेला शेंगदाणा सापडला आणि ती पूड वापरून केलेली उत्पादनं मोठ्या संख्येनं बाजारातून परत घ्यावी लागली. अख्ख्या जिऱ्यात काय मिसळलंय ते ताटात पसरून निवडता येतं, पुडीत येत नाही. पाकीटबंद हळद, तिखट, धणेपूड एकवेळ चालेल. भरल्या वांग्याचा मसाला, मिसळ मसाला, लेमन राइसचं मिश्रण, कपात पाणी ओतून होणारे कांदेपोहे यांत मात्र शेंगदाणा असणारच असं धरून चालावं. गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला यांत मुख्यतः तीळ आणि सुकं खोबरं असतं. पण बचत गटाच्या किंवा घरगुती उद्योगाच्या पाकिटातला मसाला ज्या डंकावर कुटला जातो, तिथेच सोलापुरी शेंगाचटणीही कुटली जाते का, हे विचारलं पाहिजे. लसणाची, जवसाची, कारळ्याची सुकी चटणी विकत घेऊच नये. कूट स्वस्त पडतं, चटणी वाढवायला ते सर्रास घातलं जातं, आणि नसलं तरी भांडं तेच असतं.

आता फरसाण. हा सगळा विभाग वगळावा असं आमचं स्पष्ट मत आहे, 'साधी शेव' आणि 'साधी बुंदी' धरून. कारखान्याची कामाची पद्धतच तशी असते. चिवड्यासाठी शेंगदाणे तळले जातात, त्याच तेलात पुढचा घाणा शेवेचा पडतो. तेल रोज बदलत नाहीत, गाळून त्यात नव्याची भर घालतात. तळलेला माल ज्या फिरत्या पिंपात मसाला लावायला जातो ते पिंप सगळ्यांना एकच, आणि शेवटी पाकिटं भरणाऱ्या यंत्राच्या वजनकाट्याच्या खाचांत शेंगदाण्याचे तुकडे अडकून राहतात. म्हणून शेवेच्या पाकिटात अख्खी पाकळी सापडणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या भडंगाबद्दल तर बोलायलाच नको, शेंगदाण्याशिवाय भडंग होत नाही.

फरसाणाला पर्याय म्हणून बरेच जण फुटाणे आणि कुरमुरे घेतात, आणि फसतात. पारंपरिक भट्टीत फुटाणे ज्या तापल्या वाळूत भाजतात, त्याच वाळूत खारे शेंगदाणेही भाजतात. फुटाणे हवेच असतील तर फक्त हरभराच भाजणाऱ्या कारखान्याचे, सीलबंद आणि विचारून घेतलेले. मखाणा घरी तुपावर भाजायला उत्तम. मसाला लावलेला पाकिटातला मखाणा पुष्कळदा काजू-बदामाच्याच भट्टीतून आणि मसाल्याच्या पिंपातून गेलेला असतो. लोणावळ्याच्या बाजूला मिळणारी राजगिऱ्याची किंवा खोबऱ्याची चिक्की यादीत निर्दोष दिसली तरी तीच परात, तेच लाटणं, तोच सुरा. उपवासाची भाजणी घरी भाजून घ्यावी. 'उपवास' हा शब्द पाकिटावर दिसला की शेंगदाण्याच्या दृष्टीनं तो धोक्याचाच इशारा समजावा.

मिठाईचा बॉक्स हा पाकीटबंद माल दिसतो, पण वागतो सुट्या मालासारखा. खोक्यावर छापलेली यादी अनेकदा दुकानातल्या सगळ्या मिठायांना मिळून एकच असते, आत कुठली बर्फी भरली आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. शिवाय पिस्त्याच्या कापांच्या जागी हिरवे रंगवलेले शेंगदाणे वापरल्याचे प्रकार भारतात पकडले गेले आहेत. 'मला फक्त शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, पिस्ता चालतो' असं म्हणणाऱ्यांनी श्रीखंडावरचे आणि कुल्फीवरचे काप त्यामुळेच टाळावेत. चारोळीकडेही लक्ष हवं: ती काजू-पिस्त्याच्याच कुळातली आहे, म्हणून काजूची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज नको. काजू चालत नसेल त्याला पिस्ताही बहुधा चालत नाही. शेंगदाणा मात्र शेंगवर्गातला, त्याची ॲलर्जी आहे म्हणून काजू-बदामाचीही असेलच असं नाही. कशाची आहे ते तपासणीनंच ठरतं. गोव्याहून भेट म्हणून येणाऱ्या दोदोल या मिठाईत बरेचदा काजू असतात, तेही लक्षात असू द्या.

चॉकलेटच्या बाबतीत 'मे कंटेन' हे वाक्य कंपनी उगाच छापते असं समजून दुर्लक्ष करणारे खूप आहेत. ते चूक आहे. चॉकलेटच्या यंत्रात पाणी चालत नाही, थोड्याशा ओलाव्यानंही चॉकलेट घट्ट होऊन खराब होतं. म्हणून नळ्या आणि टाक्या धुण्याऐवजी पुढच्या चॉकलेटनंच आधीचं ढकलून बाहेर काढतात. बदामाच्या वड्यांनंतर साध्या वड्या निघाल्या, तर पहिल्या काही वड्यांत अंश राहणं अगदी शक्य आहे. बिस्किटांचं यंत्र कोरडं घासलं जातं, धुतलं जात नाही, तिथेही तोच प्रश्न. आइस्क्रीममध्ये व्हॅनिलाचा सीलबंद कप घेतला तरी बटरस्कॉच (त्यात काजूचा चुरा असतो) त्याच यंत्रावर होतं का ते पाहावं. पार्लरमधला स्कूप मात्र कधीच नको. 'व्हीगन' आणि 'ग्लुटेन-फ्री' मालाकडे जास्तच बारकाईनं पाहा. दुधाच्या जागी काजू आणि गव्हाच्या जागी बदामाचं पीठ तिथे हमखास येतं.

दुकानांपैकी सुपरमार्केट उजवं ठरतं, एवढ्याचसाठी की तिथे पाकीट हातात घेऊन शांतपणे वाचता येतं. पण दुकानानं स्वतः पारदर्शक पिशवीत भरलेले रवा, पोहे, डाळी यांचं भरण्याचं टेबल एकच असतं. त्याऐवजी मिलमधूनच बंद होऊन आलेलं पाकीट घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात सुटं घेतलं तर पोह्यांच्या पोत्यातलं फुलपात्र्याचं माप शेंगदाण्याच्या पोत्यातून आलेलं असू शकतं. दुकानदार ओळखीचा आणि कितीही सज्जन असला तरी 'यात दाणे नाहीत ना?' याचं त्याचं उत्तर फक्त घटकांपुरतं असतं, मापाबद्दल नसतं. घरपोच ॲपवर लेबलाचा फोटो जुना असण्याची शक्यता धरा, 'वस्तू नसल्यास दुसरी पाठवा' हा पर्याय बंद करा आणि डिलिव्हरी आल्यावर प्रत्येक पाकीट पुन्हा वाचा. एकाच ब्रँडचं बिस्किट वेगवेगळ्या कारखान्यांत बनतं. लहान आणि मोठ्या पॅकवरची 'मे कंटेन' ओळ वेगळी असलेली आढळते. म्हणून विकत घेताना, डब्यात भरताना आणि उघडताना, असं तीनदा वाचायचं. डब्यात ओतल्यावर पाकिटाचा लेबलवाला तुकडा कापून डब्यातच ठेवावा.

लेबलावरून उलगडा झाला नाही तर पाकिटावरच्या कस्टमर केअरला लिहा. तक्रारीसाठी फोन आणि ईमेल छापणं कंपनीला बंधनकारक आहे. 'हे नट-फ्री आहे का?' असं विचारलं की ठोकळेबाज उत्तर येतं. त्याऐवजी नेमकं विचारा: याच लाइनवर शेंगदाणा किंवा काजू असलेला माल बनतो का? मधे यंत्र पाण्यानं धुता की कोरडं पुसता? तळणीचं तेल वेगळं आहे का? आधीच्या घाण्यातला उरलेला माल पुढच्यात मिसळता का? सोबत बॅच नंबर आणि कारखान्याचा पत्ता द्या, उत्तर लेखी मागा. उत्तर टाळणाऱ्या कंपनीचा माल टाळावा.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक भर. अमेरिकेत तीळ १ जानेवारी २०२३ पासून सक्तीच्या यादीत आहे आणि युरोपात तीळ, मोहरी धरून १४ घटक जाहीर करावे लागतात, पण 'मे कंटेन' लिहिणं अमेरिकेत ऐच्छिक आहे. इंडियन स्टोअरमधल्या मालावर आयातदाराचं स्टिकर मूळ छपाईवर चिकटवलेलं असतं. दोन्ही वाचता आली नाहीत तर तो माल नको.

आणि एवढं सगळं करूनही ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लगेच द्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर थांबायचं नाही. ते पाकीट उरलेल्या मालासकट बंद पिशवीत ठेवा. डॉक्टरांना ते लागतं, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना बॅच नंबर, १४ अंकी परवाना क्रमांक आणि बिल हातात असावं लागतं.