भुसावळच्या मिस्तरींकडून करून घेतलेलं वाफेचं इंजिन

शोकेसमध्ये ठेवायला रेल्वेचं छोटं इंजिन हवं असेल तर या मिस्तरींकडे जाऊ नका. ते देणारच नाहीत. त्यांची अट एकच: इंजिन रुळावर चालवायचं, वाफेवर चालवायचं, आणि पेटवायला त्यांच्यासमोर शिकायचं.

आम्ही डब्ल्यूजी मागितलं. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली पहिलं बाहेर पडलं ते याच जातीचं, मालगाडीचं इंजिन. आमचे नाना भुसावळच्या शेडला फायरमन होते, त्यांच्या हाताखालून अशी कितीतरी गेली. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, मिस्तरींचा रूळ १२७चा, म्हणजे मूळ मापाच्या साधारण तेराव्या हिश्शाचं इंजिन. मोठं चाक जेमतेम ११८ मिलिमीटरचं. तरीही दोघांनी उचलायचं म्हटलं तर दम निघतो.

पैसे कशाचे, तर बॉयलरचे. तो अख्खा तांब्याचा आहे. तांबं ठोकलं की कडक होतं, मग लाल तापवून पाण्यात टाकायचं, मऊ झालं की परत ठोकायचं. पत्र्याच्या कडा अशाच वळवत आणल्यात. सांधे चांदीच्या ब्रेझिंगचे, म्हणजे चांदी मिसळलेल्या धातूची काडी वितळवून भरलेले. पहिल्या सांध्याला जास्त तापमानाला वितळणारी काडी, नंतरच्यांना कमी तापमानाची, म्हणजे नवा भरताना जुना सुटत नाही. २५ लिटरच्या आतला बॉयलर सरकारी तपासणीत येत नाही, त्यामुळे बनवणाऱ्याची चाचणी हीच काय ती खात्री. चालवायचा दाब चौरस इंचाला ९० पौंड. आमच्यासमोर बॉयलर गच्च थंड पाण्याने भरून हातपंपाने १८० पौंडांवर नेला आणि दाबाचा काटा तसाच ठेवून सगळ्यांना चहा पाजला. चहा झाला, काटा हलला नव्हता. चाचणी पाण्यानेच करायची, कारण सांधा गेला तरी नुसती धार लागते, स्फोट होत नाही. बनवणारा दुसरा कुणी असेल तर ही चाचणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिल्यांदा पेटवलं ते आमच्या रावेरच्या शेतात, केळीच्या बांधालगत टाकलेल्या रुळावर. नानांनी एक फेरी नुसती ऐकली. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात वाफ सुटण्याचे चार ठोके देतं, आणि ते सारखे पडायला हवेत.

"मिस्तरी, चौथा ठोका लंगडून राह्यला भो."

मिस्तरींनी वाद घातला नाही. "बरोबर आहे नाना, सिलिंडरात वाफ सोडणारा व्हॉल्व्ह पुढे सरकलाय," म्हणाले आणि इंजिन परत घेऊन गेले. आणलं तेव्हा ठोके एकसारखे पडत होते. वेगळे पैसे मागितले नाहीत. माझ्या दृष्टीने सगळ्या व्यवहारातली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

तक्रारीही आहेत. तारीख मागू नका. दसऱ्याचं इंजिन होळीला मिळतं, विचारलं की "तांबं घाई करू देत नाही" एवढंच उत्तर. टेंडरवरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरच्या, अक्षरांचा रंग उन्हात फिका पडला. आणि किंमत नव्या मोटारगाडीच्या आसपास जाते, हप्ते नाहीत.

घेणाऱ्याने पाण्याचं आधी बघावं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, बॉयलरमध्ये क्षार धरतं. आम्ही पत्र्यावरचं पावसाचं पाणी गाळून टाकीत साठवतो. पेटवताना चिमणीवर छोटा पंखा लावायचा, आधी लोणारी कोळसा, मग दगडी. एकदा वाफ धरली की गेज ग्लासवरून, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवरून, नजर हलवायची नाही. माप तेरा पटींनी लहान झालं की बॉयलरात मावणारं पाणी दोन हजार पटींहून कमी होतं, त्यामुळे पातळी बघता बघता खाली येते. पाणी उतरून भट्टीचं छत उघडं पडलं तर बॉयलर गेला. म्हणून इंजिनामागच्या ट्रॉलीवर पोरं बसलेली असताना चालवणाऱ्याशी गप्पा मारायला आम्ही कुणाला देत नाही, पाहुणा असला तरी.

सिलिंडरचं घट्ट तेल मिस्तरींकडूनच घ्या, मोटारसायकलचं टाकू नका. जायचं असेल तर दुपारी जा, सकाळी लेथ चालू असतो आणि ते मान वर करत नाहीत.