कॅफिनमुक्त इन्स्टंट कॉफी: महिनाभराचा अनुभव

संध्याकाळी सहाला कॉफी घेतली की मध्यरात्र उलटून गेली तरी कूस बदलत पडून राहावे लागते, याला कंटाळून मी महिनाभर एका कंपनीची कॅफिनमुक्त इन्स्टंट कॉफी वापरून पाहिली. थकव्याची जाणीव करून देणारे अ‍ॅडेनोसिन मेंदूत जिथे चिकटते, त्या जागा कॅफिन अडवून बसते आणि रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे सहाची कॉफी अकरा वाजताही अर्धी अंगात असते, हे गणित मला उशिराच उमगले.

सुरुवात मात्र वाईट झाली. सकाळचा नेहमीचा कपही एकदम बंद केल्याने दुसऱ्या दिवशी दुपारी कपाळ ठणकू लागले आणि क्षुल्लक गोष्टींवरून चिडचिड होऊ लागली. हा दोष पावडरीचा नव्हे, माझ्या उतावळेपणाचा. आठवड्याभरात डोके शांत झाले आणि झोपही वेळेवर येऊ लागली.

वास उत्तम आहे. चव, विशेषतः दूध घातल्यावर, जरा पोकळ वाटते. खरी तक्रार वेगळीच आहे. अशा कॉफीतही कपामागे काही मिलिग्रॅम कॅफिन उरतेच, पण नेमके किती, हा आकडा बरणीवर कुठेच छापलेला नाही. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गरोदरपणी २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली जात असताना ही लपवाछपवी खटकते. तूर्त सकाळी साधी कॉफी आणि दुपारनंतर ही, अशी वाटणी मी केली आहे.