शिवाजीनगर कोर्टात चार आठवडे: वकिलांच्या ऑफिसातल्या इंटर्नशिपचा माझा रिव्ह्यू

आधीच सांगते, ऑफिसचं नाव लिहिणार नाहीये. मॅडमना विचारलं होतं, त्या म्हणाल्या अनुभव खुशाल लिही पण नाव नको, वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे आणि तू लिहिलंस तरी ती जाहिरातच झाली. म्हणून एवढंच सांगते की पुण्यात, शिवाजीनगर कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर, जुन्या बिल्डिंगमधे दोन खोल्यांचं ऑफिस आहे. सिव्हिल आणि फॅमिली मॅटर्स जास्त, थोडी चेक बाउन्सची कामं. मॅडम स्वतः, दोन ज्युनियर आणि पंचवीस-तीस वर्षं कोर्टात काढलेले कारकून काका. मी थ्री इयर एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ही माझी तिसरी इंटर्नशिप.

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

पहिल्या दोन इंटर्नशिप सांगितल्याशिवाय ही का आवडली ते कळणार नाही. पहिली ऑनलाइन केली होती, पंधराशे रुपये आपणच भरायचे, महिन्याभरात दोन आर्टिकल पाठवायची, शेवटी सर्टिफिकेट. माझ्या आर्टिकलवर कोणी एक ओळ लिहून पाठवली नाही, आणि नंतर कळलं की आमच्या वर्गातल्या एकीने एकही आर्टिकल न पाठवता तेच सर्टिफिकेट मिळवलं होतं. दुसरी एका मोठ्या फर्ममधे होती, काचेचं ऑफिस, एसी, कॉफी, सगळं छान, पण तीन आठवडे मी कॉन्ट्रॅक्टमधली कलमं एक्सेलमधे भरत बसले आणि ज्यांच्या हाताखाली होते त्यांच्याशी माझं एकूण बोलणं दहा मिनिटं झालं असेल. दोन्हीकडची कागदं फाइलमधे नीट आहेत, डोक्यात मात्र काही नाही. बार काउन्सिलच्या नियमाप्रमाणे थ्री इयरवाल्यांना किमान 12 आठवडे आणि फाइव्ह इयरवाल्यांना 20 आठवडे इंटर्नशिप लागते, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि पूर्ण शिक्षणात एकदा तरी ट्रायल आणि अपील चालवणाऱ्या वकिलांकडे बसायचं. हे आठवडे मोजायला सोपे आहेत म्हणून सगळेजण आठवडेच मोजतात. माझं म्हणणं इतकंच की तुम्ही केलेलं काम कोणी वाचतं का ते बघा, बाकी सगळं त्यानंतर.

इथे मॅडम वाचायच्या. प्रत्येक कागद. लाल पेन नाही, पेन्सिल, कारण त्यांच्या मते पेन्सिलीचं खोडून वाद घालता येतो.

पहिले चार दिवस मात्र मॅडमनी मला काकांच्या ताब्यात दिलं आणि मला जरा वाईट वाटलं, वाटलं इथे पण आता फोटोकॉपी काढायला पाठवणार. तसं काही नव्हतं. काकांनी मला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, कसा बघायचा ते दाखवलं, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर) टाकला की तारीख आणि स्टेज दिसते हे आपल्याला माहीत असतं, पण रोजनामा, म्हणजे कोर्टाने त्या तारखेची केलेली नोंद, वाचल्याशिवाय त्या तारखेला खरं काय घडलं ते समजत नाही हे कॉलेजमधे कोणी सांगितलं नव्हतं. नकलेचा अर्ज कसा द्यायचा, पुरसिस (पक्षकाराने कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) म्हणजे काय, नि. 5 (निशाणी 5) म्हणजे मनाई हुकमाचा अर्ज असं सगळे का म्हणतात, समोरच्याचं म्हणणं आलं नाही तर काय होतं, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) द्यायला 30 दिवस आणि कोर्टाने मुदत दिली तर 90 पर्यंत, हे सगळं मी सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) पेपरात लिहून मार्क मिळवले होते पण फाइलला दोरा ओवताना पहिल्यांदा कळलं की दाव्यातला प्रत्येक कागद कुठून येतो आणि त्याच्यामागे कोणता कागद लागतो. काका मला ताई म्हणायचे आणि चुकलं की फाइल परत सोडून लावायला लावायचे, दोनदा लावायला लावली.

दुसऱ्या आठवड्यात चेक बाउन्सची एक फाइल दिली, फक्त तारखांचा तक्ता कर म्हणाल्या. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस, ते संपले की पुढच्या एक महिन्यात तक्रार. पाठ होतं. मी तक्ता करून दिला आणि अर्ध्या तासात तो परत आला, एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ आणि बाजूला एकच शब्द, "कुठून?" मी 15 दिवस नोटीस पोस्टात टाकली त्या दिवसापासून मोजले होते. पाकिटाचं ट्रॅकिंग मागे लावलेलं होतं, नोटीस समोरच्याला पोचली होती सहा दिवसांनी. 15 दिवस पुरे व्हायच्या आत तक्रार दाखल केली तर ती टिकत नाही, आणि महिना उलटून गेला तर उशीर माफ करून घ्यायला वेगळी कारणं द्यावी लागतात, म्हणजे माझ्या त्या सहा दिवसांवर एका माणसाचे चार लाख अवलंबून होते. मॅडम ओरडल्या नाहीत. तेवढंच म्हणाल्या, "पाठवली ती नाही गं, पोचली ती तारीख. पोचल्याचा कागद हातात घेऊन मग मोजायला बस." आता कुठलीही मुदत मोजताना मी आधी तो कागद शोधते.

आणि आता एका अशील आजींचं. इथे मी तपशील बदललेत, ओळख पटेल असं काही नाही, कारण अशील वकिलाला जे सांगतं त्याची गुप्तता वकिलाच्या कारकुनावर आणि नोकरांवरही बंधनकारक आहे आणि मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की त्यात तूही आलीस, हॉस्टेलवर गप्पा मारायच्या नाहीत.

सत्तरीच्या आजी, सोबत मुलगा, हातात किराणा दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात घड्या घालून घालून फाटायला आलेले सातबारे, फेरफार, एक हक्कसोड पत्र. मी पिशवीतले कागद भराभर तारखेप्रमाणे लावायला घेतले, मला वाटलं मी हुशारी करतेय. मॅडम म्हणाल्या, "कागद राहू दे. आधी त्यांचं ऐक. मी कोर्टातून येईपर्यंत ऐक, आणि त्या बोलतील तसंच लिही, तुझी कायद्याची भाषा घालू नकोस."

पाऊण तास ऐकलं. भावांनी वारस नोंद करायची आहे म्हणून तालुक्याला नेलं, अंगठा घेतला, येताना हॉटेलात जेवायला घातलं. त्या जेवणाबद्दल त्या किती वेळ बोलल्या, भाऊ किती प्रेमाने वाढत होता, आणि मी मनात म्हणतेय मुद्द्यावर या. पण लिहीत राहिले, सांगितलं होतं म्हणून. मग शेवटी त्या म्हणाल्या, मागच्या दिवाळीला नातवाने मोबाइलवर उतारा काढला तेव्हा समजलं की माझं नावच नाही.

मॅडमनी आल्यावर माझी चार पानं वाचली आणि त्या दिवाळीच्या वाक्याभोवती गोल केला. दस्त रद्द करून मागायची मुदत तीन वर्षं, आणि फसवणूक कधी कळली त्यावर ती कधी सुरू होते ते ठरतं. मी पिशवी लावत बसले असते तर मला फक्त दस्ताची तारीख दिसली असती, ती बरीच जुनी होती, आणि मी मुदत गेली असं लिहून मोकळी झाले असते. जेवणाच्या गोष्टीखाली पण रेघ होती. काय सांगून नेलं, सोबत कोण होतं, दस्त वाचून दाखवला का, हे सगळं त्या गोष्टीतच होतं. मला अजून ती रेघ डोळ्यासमोर दिसते.

त्याच फाइलीत माझी मोठी चूक पण झाली. वडील 1998 ला गेलेले, तेव्हा मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत हक्क किती, यावर नोट काढायची होती. मी रात्री एकपर्यंत बसून प्रकाश वि. फुलवती हा सुप्रीम कोर्टाचा 2015 चा निकाल लावून नोट दिली, की 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात पाहिजेत, म्हणून आजींना सहदायक (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच वाटा असलेली) म्हणून हक्क नाही. महाराष्ट्राची 1994 ची दुरुस्ती पण बघितली होती, ती त्याआधी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती, त्यामुळे तोही रस्ता बंद असं मी ठामपणे लिहिलं. मॅडमनी नोट समोर ठेवली आणि विचारलं, हा निकाल आज उभा आहे का? मी गप्प. विनीता शर्मा वि. राकेश शर्मा, 11 ऑगस्ट 2020, तीन न्यायमूर्तींनी फुलवती रद्दबातल ठरवला, मुलीचा हक्क जन्माने, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. आणि त्या पुढे म्हणाल्या, समजा तो निकाल आलाच नसता, तरी बापाच्या वाट्यात मुलगी वारस होतीच की, तू तर त्यांना शून्यावर आणून ठेवलंस. त्यांनी नोट फाडली नाही, परत करायला दिली, आणि दुसरी दिली तेव्हा वीस मिनिटं माझ्यासोबत बसल्या, संध्याकाळी सात वाजता, बाहेर दोन पक्षकार थांबलेले असताना. पंधराशे रुपये भरून जे मिळालं नव्हतं ते हेच.

अजून एक. आजींच्या मुलाने फीचं विचारलं तेव्हा मॅडमनी फी सांगायच्या आधी त्यांना सांगितलं की बाई म्हणून तुम्हाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्नाची अट महिलांना नाही, ऑफिस कोर्टाच्या आवारात आहे, फोन करायचा तर 15100. सांगून झाल्यावर विचारलं, आता ठरवा कुठे जायचं. आलेलं अशील असं मोकळं सोडताना मी पहिल्यांदा बघितलं. आजी दोन दिवसांनी परत आल्या.

कोर्टातल्या वागण्याबद्दलही ऑफिस एकदम कडक. इंटर्नचा ड्रेस म्हणजे पांढरा शर्ट, पांढरी किंवा काळी पँट, काळा कोट, काळा टाय, आणि ज्याला पूर्ण ड्रेस जमत नाही त्याला पांढरी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट चालतो असं नियमातच आहे, त्यामुळे उगाच कर्ज काढून कोट शिवू नका. वकिलांच्या गळ्यातला पांढरा बँड आणि गाऊन अजिबात नाही. आणि तोंड उघडायचं नाही, कारण सनद नसताना वकिली करता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा आमचा पुकारा झाला तेव्हा मॅडम दुसऱ्या कोर्टात उलटतपासात अडकलेल्या, ज्युनियर जिन्यात कुठेतरी, आणि कोर्टात फाइल घेऊन मी एकटी. जजसाहेबांनी वर बघितलं, शिरस्तेदारांनी (कोर्टाच्या कारकुनांनी) माझ्याकडे बघितलं, बाजूच्या एका वकिलांनी हळूच सांगितलं, घे की तारीख, सगळे घेतात. माझे पाय थरथरत होते. मी उभी राहिले, नमस्कार केला, इंटर्न आहे एवढंच सांगितलं आणि बाहेर पळाले ज्युनियरला शोधायला. पाच मिनिटं मॅटर मागे ठेवलं गेलं आणि काम झालं. संध्याकाळी मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, बरोबर केलंस, तुला तारीख घ्यायला लावणारा सिनियर तुला शिकवत नाही, स्वतःचा वेळ वाचवतोय.

आता अर्धा मार्क. स्टायपेंड नाही. एक रुपया नाही, आणि हे मला पटत नाही, कितीही चांगलं शिकवलं तरी. मी बारामतीची, हॉस्टेलचं भाडं, मेस, बसचा पास, चार आठवड्यांत साताठ हजार गेले आणि माझ्या वर्गातला एक मुलगा केवळ एवढ्यासाठी इथे येऊ शकला नाही, तो रात्री कॉल सेंटरला जातो. बार काउन्सिलने 2024 मधे ज्युनियर वकिलांना शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत असं सुचवलंय, इंटर्नचं नाव त्यात नाही. निदान जेवण आणि प्रवासाचे पैसे द्यायला हवेत, हे मी मॅडमना तोंडावर सांगून आले आणि त्यांनी ऐकून घेतलं.

बाकी बसायला जागा कमी, उन्हाळ्यात वरची खोली भट्टी, आणि निघायची वेळ ठरलेली नाही, साडेआठ व्हायचे कधी कधी. मुलींनी हे आधी विचारून घ्या. मला उशीर झाला की ज्युनियर ताई बसस्टॉपपर्यंत यायच्या, पण हा त्यांचा चांगुलपणा झाला, व्यवस्था नाही.

कुठेही जायच्या आधी सिनियरना दोन प्रश्न विचारा, माझं ड्राफ्टिंग कोण तपासणार आणि आठवड्यातून किती वेळा. त्याचं उत्तर नीट मिळालं नाही तर जाऊ नका, ऑफिसला कितीही मोठं नाव असो. ईमेलवर बहुतेक जण उत्तर देत नाहीत, कोर्टाच्या दुपारच्या सुट्टीत कॉलेजचं पत्र घेऊन समोर जा, मला अशीच मिळाली, तिसऱ्या दिवशी.

माझ्या शेवटच्या दिवशी आजींच्या दाव्याचा मसुदा फायनल होत होता. पान नंबर मी घातले, काकांनी तपासले, या वेळी फाइल परत सोडावी लागली नाही. दाखल व्हायच्या आत माझे चार आठवडे संपले. पुढच्या मे महिन्यात परत येते म्हटलं, मॅडम हो म्हणाल्यात.