चर्चच्या बाकांना गद्दीवाले नीलर करून घेताय? मग आधी हे वाचा

आमच्या वसईतल्या चर्चमध्ये उपवासकाळाच्या (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) आधी बाकांना नवीन नीलर बसवले आणि आता पूर्ण पावसाळा काढलाय त्यांनी, आजूबाजूच्या धर्मग्रामांतले (पॅरिशमधले) लोक विचारत असतात कसे आहेत, आम्ही पण करावेत का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नीलर म्हणजे पुढच्या बाकाच्या पाठीला खालच्या बाजूला बिजागरीवर लावलेली लांब फळी, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, गुडघे टेकायची वेळ आली की ती खाली घ्यायची, नंतर वर करायची. आधीची नुसती लाकडी होती. आता प्लायची फळी, वर दोन इंच फोम आणि मरून रेक्झिन. काम जवळच्याच एका सुताराने केलंय, नाव देत नाही कारण चांगलं आणि वाईट दोन्ही लिहायचंय.

आधी चांगलं. माझ्या पुढच्या बाकावर एक आजी बसतात, अजून लुगडं नेसतात. जुन्या फळीवर त्यांना टेकवायचंच नाही, बाकाच्या कडेला सरकून मान खाली घालून बसायच्या. आता दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची पाठ धरतात, आधी डावा गुडघा, मग थोडं थांबून उजवा, आणि घंटी वाजते, फादर ख्रिस्तशरीर म्हणजे पवित्र भाकर वर उचलतात तेव्हा त्या अगदी ताठ असतात, हात जोडलेले आणि नजर वर. ते बघितल्यापासून माझ्यासाठी तरी खर्चाचा विषय संपला. भाकर आणि द्राक्षारस आता येशूचं शरीर आणि रक्त झालंय हे आपण मानतो, पण डोळ्यांना तर काहीच बदललेलं दिसत नाही ना, मग ते शरीरानेच बोलून दाखवायचं असतं, निदान मला तरी गुडघे टेकल्याशिवाय ते आतपर्यंत पोचत नाही. फादरसुद्धा मिस्सात तीनदा उजवा गुडघा जमिनीला टेकवतात बघा, ख्रिस्तशरीर उंचावल्यावर, मग चषक उंचावल्यावर आणि तिसऱ्यांदा कम्युनियनच्या, म्हणजे ती भाकर ग्रहण करायच्या, आधी. ते इतकं पटकन होतं की आपल्या लक्षातच येत नाही.

नीलर करायचे ठरले तेव्हा मीटिंगमध्ये एकाने विचारलं होतं की भारतात तर नमन केलेलं चालतं, मग फळ्यांवर पैसे कशाला. मुद्दा खरा आहे. 1969 साली आपल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने परवानगी दिली, त्यात गुडघा टेकवण्याऐवजी हात जोडून खोल वाकून नमन करता येतं, जमिनीवर बसून मिस्सा करता येते, गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकवायचा पंचांग प्रणाम पण आहे. मला ते सगळं मनापासून आवडतं, आश्रमात जमिनीवर बसून केलेल्या मिस्सात ते इतकं शोभतं! पण आमच्याकडे बाकं आहेत, दोन बाकांच्या मधल्या जागेत पंचांग प्रणाम कोण कसा करणार. आणि ज्यांचं ऑपरेशन झालंय किंवा ज्यांना टेकवतच नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, नियमच आहे की तब्येतीमुळे किंवा जागेअभावी गुडघे टेकता येत नसतील तर फादर गुडघा टेकवतात त्या वेळी खोल वाकायचं, तोही पूर्ण मान झाला.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी आवाजाची. फळी हातातून सुटली की खाली लादीवर धाड्कन आपटते, एक आपटली की ओळीने सगळ्या, तेही नेमकं जेव्हा चर्च शांत व्हायला हवं तेव्हा. सुताराला सांगितलं तर म्हणाला लोकांना हळू पाडायला सांगा! लहान मुलं पायाने पाडतात, त्यांना काय सांगणार. शेवटी आम्हीच फळीच्या पायांना जाड रबरी बुश लावून घेतले, निम्म्याहून जास्त आवाज गेला.

दुसरं म्हणजे रेक्झिन. खळ घातलेलं लुगडं किंवा कडक कॉटनची साडी त्यावरून सरकते, वयस्कर बायकांना पुढच्या बाकाचा आधार सोडताच येत नाही आणि मग हात जोडता येत नाहीत. पावसात रेनकोटचं पाणी गळून फळीच्या टोकांना प्लाय फुगलाय, शिवणीतून पाणी आत गेलं तिथे वास येतो. मी तर म्हणते वर खरखरीत टेक्स्चरचं रेक्झिन घ्या आणि फळी सागाचीच करा, महाग पडते पण वसईच्या पावसात प्लाय टिकत नाही.

फोमची खरी परीक्षा पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी झाली. संध्याकाळच्या मिस्सानंतर पवित्र साक्रामेंत, म्हणजे तीच पवित्र भाकर, बाजूच्या वेदीवर नेतात आणि मध्यरात्रीपर्यंत आराधना चालते, आमच्याकडे वॉर्डप्रमाणे वेळा वाटून दिलेल्या असतात. मिस्सातल्या पाच-सात मिनिटांसाठी हा फोम मस्त आहे, पण सलग अर्धा तास टेकून राहिलं की तो पार दबतो आणि गुडघ्याला खालचं लाकूड लागायला लागतं. जास्त घनतेचा फोम मागा, हाताला कडक वाटला तरी चालेल, फार मऊ असला तर उलट तोल जातो.

अजून एक, हे सुताराचं नाही, आपलंच आहे. मिस्सा संपली की फळी वर करा. खाली राहिली की बाहेर निघणारा त्यात अडखळतो आणि बाकाबाहेर येऊन टॅबर्नॅकलकडे (पवित्र भाकर ठेवायच्या पेटीकडे) वळून गुडघा टेकवायचा तो राहूनच जातो, नुसतीच घाईत मान हलवून लोक जातात. तो एक गुडघा तिथे आत येशू आहे म्हणून असतो, तो नीट जमिनीला लागू दे, दोन सेकंदांचं काम आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. उंची त्याने अचूक साधली आहे, जमिनीपासून साधारण सहा इंच, पाठ वाकत नाही, बिजागऱ्या अजून करकरत नाहीत, त्याचे मार्क पूर्ण. ऑर्डर द्यायच्या आधी एकच फळी नमुन्याला करून मागवा, ती बाकाला लावा आणि सकाळच्या मिस्साला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्यावर टेकून बघायला सांगा, तरुण पोरांना विचारून ठरवू नका. आणि रबरी बुश कोटेशनमध्येच लिहून घ्या, नंतर सुतार वेगळे पैसे लावतो.